वीतभर ट्रॉलर, पण प्रत्येक दोरीला कारण

शेतकरी बंधूंनो, फर्ग्युसनचा ट्रॅक्टर आपल्याला नवा नाही. पण याच ट्रॅक्टरने एका छंदाला हातभार लावला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एअरफिक्स नावाची प्लास्टिकच्या वस्तू करणारी कंपनी होती. फर्ग्युसनच्या विक्रेत्यांना बरोबर नेता यावी म्हणून ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करण्याचे काम तिच्याकडे आले. एकेक ट्रॅक्टर हाताने जोडून देणे महाग पडायचे. मग तेच भाग सुटे ठेवून, 'घ्या आणि घरी जोडा' म्हणून दुकानात विकायला ठेवले. नंतर त्याच कंपनीने 'गोल्डन हिंद' या जुन्या शिडाच्या जहाजाचा संच काढला. पुढे विमाने, रणगाडे, आगबोटी अशी रांगच लागली.

त्या रांगेत मासेमारी बोटीही आहेत. जर्मनीतल्या रेव्हेल कंपनीने उत्तर समुद्रातल्या मासेमारी ट्रॉलरचा संच काढला, त्याचे प्रमाण १:१४२. आज आपण अशाच संचाबद्दल बोलणार आहोत.

आता तुम्ही म्हणाल, "पेरणीच्या तोंडावर हे पोरखेळ कुठून काढलेत?" तर त्याचे असे आहे. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून झाकलेल्या असतात. शेतातही सगळेच दिवस सारखे नसतात. झडीचा पाऊस लागला की माणूस ओटीवर बसून राहतो. मुलांच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाची चर्चा सुरू होते. अशा दिवसांत हे काम हाती घेण्यासारखे आहे. आणि त्यातून एक मोठे काम निघते, ते शेवटी सांगतो.

आधी हिशेब, मग कात्री

१:१४२ म्हणजे काय? खऱ्या बोटीवरचे १४२ सेंटिमीटर इथे एका सेंटिमीटरमध्ये बसवलेले आहेत. ४० मीटर लांबीचा ट्रॉलर साधारण २८ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे वीतभराहून थोडा जास्त. साडेपाच फुटांचा खलाशी होतो जेमतेम १२ मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढा.

हा हिशेब उलटा करून पाहा, म्हणजे खरी गंमत कळेल. संचातल्या कठड्याचा गज १ मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या बोटीवर तो १४ सेंटिमीटर जाड झाला. एवढा जाड गज हाताच्या मुठीत मावेल का? साच्यातून प्लास्टिक याहून फार बारीक काढणे कठीण असते, म्हणून कंपनी ते जाड ठेवते. कठड्याचा खरा पाइप ४० मिलिमीटरचा धरला तर आपल्याला हवी ०.२८ मिलिमीटरची तार. ती कुठे मिळेल? तुमच्या विहिरीवरची मोटार जळाली की ज्याच्याकडे नेता, त्या रिवाइंडिंगवाल्याकडे. ३२ गेजची तांब्याची तार जवळपास तेवढीच असते. हातभर तुकडा तो तुम्हाला फुकटही देईल.

प्रतिकृतीत बारकावे भरणे म्हणतात ते हेच. संच अंगभर बोट देतो. ती खरी वाटावी यासाठी पट्टी, हिशेब आणि नजर आपली लागते.

जोडणी: चिकटवण्याआधी विचार

या संचांचे प्लास्टिक असते पॉलिस्टायरीन. थर्माकोलही त्याच जातीचा, फक्त फुगवलेला. थर्माकोलवर पेट्रोलचा थेंब पडला की तो कसा विरघळतो, हे आपण पाहिलेले आहे. या संचाचा खास गोंद तेच काम बेताने करतो. तो दोन्ही भागांचे पृष्ठ थोडे विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात आणि वाळल्यावर जोड एकजीव होतो. म्हणून गोंद जास्त लावला तर भाग पक्का बसण्याऐवजी वितळून वाकडा होतो. शेतातल्या पीव्हीसी पाइपचे सोल्युशन मात्र इथे वापरू नका. ते या प्लास्टिकला फार जहाल पडते.

कामाचा क्रम असा ठेवा.

सगळे भाग चौकटीला चिकटलेले येतात. त्या चौकटी आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर पुढे रंग धरत नाही.

भाग हाताने पिळून तोडू नका. नेलकटरने थोडे अंतर ठेवून कापा आणि उरलेला कोंब ब्लेडने तासा.

बोटीचे अंग दोन फाकांत येते, उजवी आणि डावी. गोंद न लावता त्या आधी रबराने बांधून पाहा. मध्ये डेक बसतो का, नाळेकडे फट राहते का, हे तपासा. सुतार चौकट बसवण्याआधी जसा एकदा नुसती लावून बघतो, तसेच. नीट बसले की पातळ गोंद बारीक ब्रशने फटीवर टेकवा, तो आपसूक आत ओढला जातो. मग चोवीस तास हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी जोडाची रेघ ४०० नंबरच्या, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासा. बोटावरून नख फिरवले आणि कुठे अडले नाही, तर काम झाले.

हे सगळे खिडकी उघडी ठेवून करा. जवळ चूल, दिवा, विडी काही नको. ब्लेड आणि गोंद लहान मुलांच्या हाती एकटे देऊ नका.

रंगातही कारण असते

अंगाचा खालचा भाग बहुतेक बोटींवर तांबूस दिसतो. तो शोभेसाठी नाही. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव बसतात, बोट जड होते, डिझेल जास्त जळते. ते बसू नयेत म्हणून त्या रंगात तांब्याचे संयुग घालण्याची पद्धत आहे आणि ते संयुग मुळात लाल असते. हे कळले की लाल रंग कुठपर्यंत न्यायचा हेही कळते: पाण्याच्या रेषेपर्यंत आणि थोडा वर.

ती रेषा सरळ कशी मारायची? बोट सपाट पाटावर स्थिर ठेवा. वह्यांची एक गठ्ठी करून तिच्यावर पेन्सिल आडवी घट्ट बांधा, टोक हव्या त्या उंचीवर येऊ द्या आणि गठ्ठी पाटावरून सरकवत बोटीभोवती फिरवा. रेषा चारी बाजूंनी एका पातळीत येते. मग चिकटपट्टी लावून रंग द्या.

आता गंज. बरेच जण रंग झाला की तपकिरी रंग सगळीकडे शिंपडतात आणि ट्रॉलर भंगारातला वाटू लागतो. गंजाला जागा असते. जिथे लोखंड लोखंडावर घासते आणि जिथे खारे पाणी साचून ओघळते, तिथे तो येतो. नांगराच्या साखळीच्या भोकाखाली ओघळ दाखवा. डेकवरचे पाणी बाहेर जाण्याची जी भोके असतात, त्यांच्याखाली दाखवा. जाळ्याच्या जड फळ्या वर घेताना ज्या जागी अंगावर आपटतात, तिथे रंग खरवडलेला दाखवा. उलट विंचवर ज्या भागावर तारदोर रोज फिरतो, तो घासून चकचकीत होतो, तिथे गंज नको. तुमच्या नांगराचा फाळच आठवा. कामात असलेला फाळ चमकतो, पडून राहिलेला गंजतो. बोटही तशीच. गंज कुठे दाखवला यावरून, बोट काम करते की पडून आहे, हे पाहणाऱ्याला कळते.

रंग फार पातळ करून, सुक्या ब्रशने थोडा थोडा द्या. वाढवता येतो, काढता येत नाही.

डेकवरचा पसारा

इथे खरी परीक्षा आहे. आधी तुमच्या संचातला ट्रॉलर कोणत्या जातीचा ते पाहा. जुने ट्रॉलर जाळे बाजूने टाकत आणि बाजूनेच ओढत. त्यांच्या कडेला लोखंडी कमानी असतात आणि तारदोर त्या कमानींवरच्या कप्प्यांतून जातो. पुढे जाळे मागच्या बाजूने ओढायची पद्धत आली. १९५४ मध्ये कामाला लागलेले 'फेअरट्राय' हे ब्रिटिश जहाज त्या पद्धतीसाठी मुद्दाम बांधलेले पहिले मोठे जहाज मानतात. त्याच्या पाठीमागे पाण्यात उतरणारी घसरण होती आणि जाळे त्यावरून वर येई. बाजूने ओढणाऱ्या बोटीवर माणसे उघड्या डेकवर लाटांच्या तोंडी उभी असत. मागून ओढणाऱ्या बोटीत त्यांना थोडा आडोसा मिळाला. म्हणजे एका कमानीच्या जागेवरून खलाशाचा धोका समजतो.

आता तारदोराची वाट बोटाने काढून पाहा. विंचच्या ढोलापासून निघाला, कोणत्या कप्प्यावरून वळला, कुठून बाहेर पडला, फळीला कुठे जोडला? मध्ये केबिनची भिंत आडवी आली तर तुमचे काहीतरी चुकले आहे. खऱ्या समुद्रावर असा दोर चालणारच नाही. दोरासाठी उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर दुरून तापवा, मऊ झाला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढा. केसासारखा धागा निघतो. २० मिलिमीटरचा तारदोर या प्रमाणात ०.१४ मिलिमीटरचा होतो, तेवढा बारीक ओढायला सरावाने जमते.

जाळ्यासाठी पुष्कळ जण मच्छरदाणीचा तुकडा घेतात. हिशेब करून पाहा. मच्छरदाणीचे भोक सव्वा मिलिमीटरचे धरले तर या प्रमाणात ते जवळजवळ १८ सेंटिमीटरचे झाले. एवढ्या डोळ्यातून मासाच काय, कोंबडीही निसटेल! गुंडाळून ठेवलेल्या जाळ्याचे डोळे लांबून दिसत नाहीत, ढीग दिसतो. म्हणून जुन्या मलमलीचा तुकडा पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून, चुरगाळून, कडेला रचा आणि वाळल्यावर रंगवा. खालच्या दोरावर लहान मणी ओवले तर समुद्राच्या तळावरून घरंगळणारे गोळे तयार होतात. जाळे दगडांत अडकू नये म्हणून ते असतात.

दिव्यांकडेही लक्ष द्या. डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा, हे सर्व बोटींना सारखेच. ट्रॉल ओढत असलेल्या बोटीने मात्र रात्री आणखी दोन दिवे एकाखाली एक लावायचे असतात: वर हिरवा, खाली पांढरा. दुसऱ्या पद्धतीने जाळे टाकलेली बोट वर तांबडा आणि खाली पांढरा लावते. दिवसा टोकाला टोक भिडवलेले दोन काळे शंकू टांगतात. समुद्रावर टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेले हे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि ते आपल्या बोटींनाही लागू आहेत. शाळेतल्या मुलाने हे चार ठिपके बरोबर रंगवले, तर उद्या वडिलांच्या बोटीवरचा बंद दिवा त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

एका तारेची किंमत

संचात डोलकाठीपासून केबिनपर्यंत जाणारी एक बारीक तार दाखवलेली असते. जोडणारे ती सर्रास सोडून देतात. कारण ती तुटते, दिसतही नाही आणि नसली तरी बोट पुरी वाटते. ती वायरलेसची तार.

इंग्लंडमध्ये हल नावाचे ट्रॉलरचे मोठे बंदर होते. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथले तीन ट्रॉलर थोड्या दिवसांच्या अंतराने बुडाले: सेंट रोमॅनस, किंगस्टन पेरिडॉट आणि रॉस क्लीव्हलंड. ५८ माणसे गेली. सेंट रोमॅनसवर वायरलेस चालवणारा माणूसच नव्हता. तिचा निरोप येत नाही याची दखल उशिरा घेतली गेली आणि शोधही उशिरा सुरू झाला. रॉस क्लीव्हलंड आइसलंडच्या खाडीत वादळातून आसरा शोधत होती. काठ्या, दोर, कठडे यांवर बर्फ साचून वरचे वजन वाढले आणि बोट कलंडली. तिच्यावरचा एकच माणूस वाचला.

त्यानंतर हलच्या कोळीवाड्यातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. लिलियन बिलोका ही त्यांची पुढारी. प्रत्येक ट्रॉलरवर वायरलेसवाला हवा, हवामानाची खबर वेळेवर हवी, सुरक्षेची साधने हवीत, अशा त्यांच्या मागण्या. सह्या गोळा झाल्या, बायका लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या आणि मागण्या मान्य करून घेतल्या. घरचा कर्ता माणूस समुद्रावर गेला की मागे काय जिवाची घालमेल होते, हे आपल्याकडच्या कोळणींना सांगायला नको.

म्हणून ती तार सोडू नका. केबिनच्या माथ्यावर तराफ्याचा डबा आणि कडेला नारंगी रंगाची कडीही विसरू नका. रंगवताना मुलांना विचारा, "आपल्या बोटीवर हे आहे का? चालू आहे का?" लाइफजॅकेट बोटीवर असणे वेगळे आणि हाताशी असणे वेगळे. तो फरक या टेबलावर बसूनही समजावता येतो.

आता आपली बोट

सुरुवातीला ज्या मोठ्या कामाचा उल्लेख केला, ते हे.

रेव्हेलचा ट्रॉलर साच्यातून निघतो, तशाच आज आपल्या किनाऱ्यावरच्या फायबरच्या बोटीही साच्यातून निघतात. वजनाला हलक्या, पाण्याने न कुजणाऱ्या, देखभालीला सोप्या. त्यामुळे लोकांनी त्या घेतल्या, त्यात चूक काही नाही. साचा असल्यामुळे तशी बोट पुन्हा केव्हाही निघू शकते. लाकडी होडीचे तसे नाही. ती करणाऱ्या सुताराने बहुधा कागदावर नकाशा काढलेलाच नाही. पठाण घातला, नाळ उभी केली, वाक बसवले, फळ्या वळवल्या, सगळे डोळ्याच्या अंदाजाने. माप त्याच्या हातात आणि नजरेत. ती होडी फोडून जळणाला गेली आणि म्हातारा सुतारही गेला, म्हणजे तिचे माप कायमचे गेले.

प्रतिकृती काय राखू शकते ते पाहा. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली लाकडी प्रतिकृती सापडल्या. त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांत दोन होड्या आहेत आणि दोघींच्या मध्ये जाळे ताणलेले आहे. नाईलवर जाळे कसे ओढत, हे आज जगाला त्या हातभर होड्यांवरून दिसते. तशा खऱ्या होड्या केव्हाच मातीत गेल्या.

तेव्हा गावात एखादी जुनी लाकडी होडी पडून असेल, तर ती फोडण्याआधी दोन दिवस काढा. होडीच्या मधोमध नाळेपासून मागपर्यंत दोरी ताणा. दर दोन फुटांवर खूण करा. प्रत्येक खुणेपाशी ओळंबा सोडून, मधल्या दोरीपासून अंगापर्यंतचे आडवे अंतर तीन-चार उंचींवर मोजा. गवंडी लेव्हलसाठी पाण्याची नळी वापरतो, ती इथे कामी येते. आकडे वहीत तक्त्याने लिहा. चारी बाजूंनी, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. आणि प्रत्येक भागाचे नाव म्हाताऱ्या तांडेलकाकांना, सुतारकाकांना विचारून लिहून घ्या. एकाच भागाला दोन गावांत दोन नावे निघाली तर दोन्ही लिहा.

या मापांवरून प्रतिकृती करता येते. प्रमाण १:२४ घेतले, तर एक फूट अर्ध्या इंचात बसतो, हिशेब सोपा. ३० फुटांची होडी १५ इंचांची होते. आडवे छेद जाड पुठ्ठ्याचे कापा, कण्यावर उभे करा आणि वरून पातळ पट्ट्या बसवा. संच जोडून हात तयार झालेला असेल, तर हे जड जात नाही. कठडा, दोर, जाळे, गंज, रंग हे सगळे तिथे शिकलेलेच इथे लागते.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी भाऊसाहेब आणि गुरुजी, हे काम तुमच्यावाचून होणार नाही. शेताचा बांध मोजायची सवय तुम्हाला आहेच. होडीच्या मापांची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी, एक शाळेत आणि एक होडीवाल्याच्या घरी ठेवा. खर्च म्हणाल तर वही, टेप आणि दोरी. आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या शेतकरी बंधूंनो, तुमच्याकडेही अशी बिनकागदाची मापे पडून आहेत. जुनी लाकडी बैलगाडी, तिफण, मोटेच्या विहिरीवरची चाके. पद्धत हीच.

पहिला संच म्हणून साधा, थोड्या भागांचा घ्या. मुलाला शेजारी बसवा. एकेक भाग हातात घेऊन आधी विचारा, "हे कशासाठी?" उत्तर येत नसेल तर गोंदाची बाटली बंद ठेवा आणि बंदरावर जाऊन ज्याला येते त्याला विचारा. सांगणारी माणसे अजून आहेत, तोवरच हे जमण्यासारखे आहे.